ह्याच्यासारखं अजून

रुमोईत, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
ओगुराबाईंचं दुकान होतं, भाड्यानं मिळणाऱ्या अ‍ॅनिमे मालिकांचं.
मी शनिवारी तिथे कामाला असे.
पगार बेताचा, पण स्टोव्हजवळची खुर्ची माझी.

बाईंच्या फळ्यांवर
रोबो, शाळा, तलवारी, भुतं
असले कप्पे नव्हते.
पेन्सिलीनं लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या :
शेवटी कुणीच जिंकत नाही, पण सगळे जेवतात.
बर्फ पडतो, कुणी काही बोलत नाही.
रडू येईल, पण तिसऱ्या दिवशी, भांडी घासताना.
एका चिठ्ठीवर नुसतं : ऑगस्ट.

मासळीच्या कारखान्यातला फुकाया वैतागायचा,
बाई, हे दुकान आहे की हवामान खातं?
बाई म्हणत, घेऊन जा, नाही पटलं तर पैसे परत.
परत मागायला कधीच कुणी आलं नाही.
खोटं कशाला बोलू, दोघं आले होते.

मग तो मुलगा आला. कोशिरो. नववीतला.
बाप स्क्विडच्या बोटीवर असतो.
म्हणजे असायचा, नोव्हेंबरपर्यंत.
त्यानं काउंटरवर 'लोखंडी पहाट'ची शेवटची डिस्क ठेवली :
ह्याच्यासारखं अजून.

मी झटक्यात तीन डबे काढले.
तिन्हींत अजस्र यंत्रं, तिन्हींत शहरं बेचिराख.
बाईंनी हात आडवा घातला.
ह्यातलं काय उरलंय तुझ्याजवळ?

तो बुटांकडे बघत राहिला,
बुटांवर मिठाची पांढरी रेघ.
मग म्हणाला,
लढाई संपते, तरी तो यंत्राच्या पोटातून उतरत नाही.
आतले दिवे एकेक करून विझतात.
तो नुसता मोजत बसतो.

बाईंनी त्याला 'छत्रीवाली तोकू' दिली.
डोंगरातलं गाव, एक म्हातारी, बारा भाग,
साधं कुणी घसरून पडतसुद्धा नाही.
ह्यात रोबो कुठायत?
नाहीत.

दुसऱ्याच दिवशी फणफणत आला,
अहो, ही बाई छत्र्या शिवतेय!
नवव्या भागापर्यंत थांब, बाई म्हणाल्या,
आणि हिशेबाच्या वहीत डोकं घातलं.

दोन आठवडे बर्फानं रस्ता बंद होता.
मग एका संध्याकाळी दारातूनच, टोपी न काढता :
ती एक छत्री उघडते आणि मिटतच नाही.
हो.
त्याच्यासारखं अजून.

मला तेव्हा काही उमगलं नाही. विचारलं तर म्हणाल्या,
लोखंड काय, कापड काय, हे वरचे कपडे, पोरी.
जातकुळी त्यावरून कळत नाही.
माणूस निघून गेला, दार लागलं,
की चित्र त्या दारावर किती वेळ थांबतं,
ते बघ.
मी घरी जाऊन खरंच घड्याळ लावून बघितलं.
अकरा सेकंद. दोन्हींत.

हिवाळाभर तो सहा मालिका घेऊन गेला.
मार्चमध्ये उलटाच आला :
सापोरोहून आणलेला जुना, कोपरे चेपलेला डबा,
वर दीपगृह आणि बोलणारा सील मासा.
लहान पोरांचं काहीतरी.
तुमच्यासाठी, म्हणाला.

बाई हसल्या. माझ्यासाठी हे का?

तुम्ही दिलेल्या सगळ्यांत, तो म्हणाला,
कुणीतरी कुणाची तरी वाट बघतं, आणि बघतच राहतं.
ह्यात शेवटी थांबवतात.
दिवा मालवतात, सूप पितात,
आणि काही वाईट होत नाही.

स्टोव्ह तेवढा आवाज करत होता.
मी गल्ल्यातली नाणी मोजली, मग परत मोजली.
बाईंच्या घरात पुरुषी चपलांचा एक जोड आहे
हे मला ठाऊक होतं.
त्याला कुणी सांगितलं असेल?
कुणीच नाही.
सहा मालिकांनी.

त्या दिवशी दुकान चार वाजताच बंद झालं.

त्यांनी तो डबा उघडला की नाही, मी विचारलं नाही.
पुढच्या शनिवारी त्याच्यापुरती एक नवी फळी ठोकलेली होती.
खाली चिठ्ठी, कोरी.
शेजारी पेन्सिल,
टोक नुकतंच काढलेलं.