मंगळवारी, चार वाजता

वॉशिंग्टन, तू पाऊण तास आधी पोचशील.
आपल्या घराण्याला वेळेवर पोचणं ठाऊकच नाही,
लग्नाला उशिरा, मयताला आधी.
तर पोच, आणि समुद्राकडच्या कठड्यावर बस.
थर्मास काखेत, तुंबडीत येर्बा,
पाठ मात्र वाऱ्याकडे कर,
नाहीतर अर्धी पूड मिशीत जाईल.

घंटा बिघडलेली आहे. दोनदा दाब,
दुसऱ्यांदा जरा रागाने.
लिफ्ट बंद, चौथा मजला.
धाप लागू दे. धापा टाकणाऱ्या माणसाकडे
पहिलं वाक्य कोणी लगेच मागत नाही.

तिचं नाव ओडिले बेरुती.
तुझ्या धाकटीएवढी असेल.
हिला काय कळणार, असं तू मनात म्हणशील.
मी मोठ्याने म्हटलं होतं.
तिने ते लिहून घेतलं.

सिनेमात असतो तसा कोच नाही.
दोन खुर्च्या, किंचित तिरप्या,
जशी दोन माणसं एकाच खिडकीतून
शेजाऱ्यांचं भांडण बघत बसावीत.

आधी एक कागद देईल सहीला.
इथलं इथेच राहील, म्हणेल,
फक्त स्वतःच्या जिवाला धोका असेल
किंवा दुसऱ्याच्या,
तर मला कुणाला तरी सांगावं लागेल.
त्या 'दुसऱ्याच्या'पाशी तू खाली बघशील, मला माहीत आहे.

तो सायकलवाला पोरगा वाचला, वॉशिंग्टन.
लंगडतो, पण गेल्या ऑक्टोबरात लग्नात नाचला म्हणे.
आणि व्हॅनची चावी अजून तुझ्या पिठाच्या डब्यात,
आणि तू चौदा महिने हातगाडीवर पाव लादून
सेर्रोचा चढ चढतोयस.

मग ती गप्प बसेल.
रुसली नाहीये, तिचं कामच ते.
आपल्याकडे गप्प बसणं म्हणजे भांडण,
आईने बाबांशी अख्खा एक जुलै,
हाडं गोठवणारा,
नुसतं मीठ मागण्यापुरतं बोलून काढला होता.
तू छताकडे बघ. ओलीचा डाग आहे.
मी त्याला पाराग्वे म्हणते.

पहिल्या दिवशी तू पिठाचे भाव सांगशील,
भट्टीची वीट फुटली ते सांगशील,
ताकाला जाऊन भांडं लपवणारे आपण.
चालेल. ती भट्टीबद्दलही विचारते.

सल्ला देणार नाही. पैसे परत मागू नकोस.
'मग मी करू काय?' असं विचारलंस
की तोच प्रश्न पुसून तुझ्याच हातात ठेवेल.
मला सुरुवातीला ती वाण्यासारखी वाटायची,
सुट्टे नाहीत म्हणणाऱ्या.

कागदी रुमालांचा खोका तुझ्या बाजूला असेल, मुद्दाम.
मी चार महिने त्याला हात लावला नाही.
पाचव्यात, बुटाच्या नाडीबद्दल बोलता बोलता
अर्धा खोका संपवला.
नाडीच. अजून कळलेलं नाही का.

पन्नास मिनिटं वाक्याच्या मध्येच संपतील.
उरलेलं अर्धं तोंडात धरून जिना उतरशील.
त्या रात्री झोप लागणार नाही,
दुसऱ्या दिवशी पाव जास्त भाजले जातील,
आणि तू म्हणशील, हे तर आणखीच बिघडलं.
मी म्हणाले होते. तरी पुढच्या मंगळवारी गेले,
कशामुळे विचारशील तर,
छत्री तिथेच राहिली होती.

बरी झाले का? असं नाही सांगता येत.
फोन वाजला तर आता उचलते.

चावी न्यायची नाही.
तिच्याबद्दल बोलायलाच हवं असंही नाही.

पाचला मी खाली बसथांब्यावर असेन,
योगायोगाने.
काय झालं, विचारणार नाही.
दोन बस सोडून देऊ,
तिसरीत चढू, नाहीतर चालत निघू.

नेल्दा