डाव्या कोपराच्या आत

नोव्हेंबरात उठला पहिला चट्टा,
डाव्या कोपराच्या आत, कोटाच्या बटणाएवढा.
मी म्हटलं, डास.
मग माझं मलाच हसू आलं:
केमीत, नोव्हेंबरात, डास!
खाडी गोठायला लागली होती.

नाताळपर्यंत तो मानेवर चढला.
मी अंगावर काढलं.
आमच्या आईनं तर न्यूमोनियाही अंगावर काढला होता,
गाईंची धार काढून झाल्यावरच आडवी झाली.

साइमी म्हणाली, डांबर लाव, पाइनचं.
लावलं. आठवडाभर
जुन्या होडीसारखा वास येत होता मला.
चट्टा तसाच, फक्त चकाकत होता.
टपालकेंद्रातला वाइनो म्हणाला, दूध सोड.
सोडलं. साबण सोडला, टोमॅटो सोडले.
सुनेनं विणलेला लोकरी स्वेटर
बाल्कनीत टांगला, रात्रीत ताठ झाला,
सकाळी पाहिलं तर
कुणीतरी हात पसरून उभं.

इमारतीच्या सौनात गुरुवारी बायकांची पाळी.
कुणी काही बोललं नाही.
साइमीनं फक्त बसायचं फडकं
भिंतीकडे सरकवलं, वीतभर.
त्यानंतर मी घरीच अंघोळ केली,
दार लावून,
जणू बघायला कुणी होतं.

खाज यायची ती पहाटे तीनला.
नखं मुळापर्यंत कापली होती,
तरी बोटांना अंधारातही वाट पाठ.
खाजवावं, तर आग.
न खाजवावं, तर
सगळं अंग एकाच प्रश्नाएवढं व्हायचं.

औलूला केतोला डॉक्टर. आगगाडीनं तास-सव्वातास.
त्यांनी पाठीवर टिकल्या चिकटवल्या, ओळीनं,
निकेल, राळ, रबर, अत्तरं,
प्रत्येकीशेजारी पेनानं आकडा.
चार दिवस मी उशीला पाठ लावली नाही.
एकही टिकली उठली नाही.
पाठ निर्दोष सुटली.
मग म्हणाले, वही ठेवा.
कशाकशाला हात लागतो, रोज लिहा.

सोमवार. पत्रांच्या करड्या पेट्या. रबरी पट्टे. कॉफीचा कप.
मंगळवार. तेच.
बुधवार. फावड्यानं बर्फ काढला. तळमजल्यावरच्या कुत्र्यानं हात चाटला, उजवा.
गुरुवार. पेट्या.
शुक्रवार. पेट्या. एक पाकीट फाटलेलं, चिकटपट्टीनं जोडलं.
शनिवार. राईची भाकरी. रेडिओचं बटण.
रविवार. काही नाही.
सोमवार. तेच.

मार्चमध्ये त्यांनी वही वाचली, सगळी,
टेबलापलीकडून मला ती उलटी दिसत होती.
उलट्या अक्षरांतही दिसलं ते मला.
त्यांना दिसलं का, माहीत नाही.
ते पानावर थोडे थांबले, इतकंच.
मग हातमोजा काढून
चट्ट्यावर अंगठा दाबला, उचलला.
पांढरा पडला तो,
आणि कडेकडेनं लाली परत आली,
घर माहीत असल्यासारखी.

कागदावर त्यांनी लिहिलं: कारण अज्ञात.
एक मलम दिलं, पांढरं, बिनवासाचं.
म्हणाले, कधी कधी जसं येतं तसं जातंही.
कधी कधी, मी विचारलं, म्हणजे कधी?
त्यांनी खांदे उडवले, प्रामाणिकपणे.

परतीच्या गाडीत वही उघडली.
शुक्रवार. डॉक्टरांचा अंगठा. गार.
पुढं काय लिहावं सुचेना.
खिडकीबाहेर बर्चची झाडं,
साली सुटत चाललेली, आपापल्या.

गुरुवारी सौनात गेले. चट्ट्यासकट.
साइमी वरच्या फळीवरून म्हणाली,
डांबर लावलंस?
लावलं.
मग?
मग काही नाही.
ती हं म्हणाली, फडकं होतं तिथंच ठेवून,
आणि दगडांवर पळीभर पाणी टाकलं.