हवा

पेठनाक्याच्या पंपावर, डिझेलच्या नळ्यांच्या पलीकडं,
लिंबाखाली पिवळा डबा दिसतो, तिथं मी असते.
काम एकच. हवा भरणं.
बाबासोंनी पाटी रंगवून घेतलीय, 'हवा मोफत',
आणि खाली कुणीतरी खडूनं, 'पण बेतानं'.

सात वर्षं झाली.
गुडघ्यावर बसून चाकाकडं बघितलं
की माणूस वरनं बोलायला लागतो.
खाली बसलेल्या बाईला माणसं काय काय सांगतात!

धैर्यशीलभाऊंची काळी गाडी परवा आली.
आधी गाणं आलं, मग धूर, मग गाडी.
काच चार बोटं खाली. गॉगल. दिवेलागण झालेली.
"पुण्यातनं निघालो ताई, घड्याळ लावून,
एक तास चाळीस मिनिटं! खंबाटकीत तर
ट्रकवाले आरशात बघून नुसते हात जोडत होते."
मी मागच्या चाकाला हात लावला आणि काढला.
तवा बरा.
"भाऊ, हँडब्रेक वर हाय."
भाऊ गप्प. गाणं चालूच.
मग म्हणाले, "तरी एक चाळीस.
विचार कर, खाली असता तर?"

बोरगावचे एक साहेब, बोटात तीन खडे:
"साधी हवा नको. ही साध्या हवेची गाडी न्हाई.
नायट्रोजन भर. रेसच्या गाड्यांना भरतात तो."
माझं पोरगं दहावीला, पुस्तक डब्यावरच पडलेलं.
म्हणलं, "साहेब, साध्या हवेतबी
रुपयातले बारा आणे नायट्रोजनच असतोय."
त्यांनी आभाळाकडं बघितलं,
दुसऱ्याच्या सातबाऱ्याकडं बघावं तसं,
आणि म्हणाले, "मग त्यातला तेवढाच भर."
भरला की.
उरलेले चार आणे तिथंच सोडले, लिंबाखाली.

एक नवा जावई, सीटवरचं प्लॅस्टिक अजून कुरकुरतंय,
सासऱ्याला म्हणाला, "इंजिन दाखवतो मामा, या."
खटका ओढला, पेट्रोलचं झाकण उघडलं.
दुसरा ओढला, मागची डिकी उघडली,
आत गुळाची ढेप आणि एक रुसलेला कोंबडा.
तिसऱ्यांदा वायपर चालू झालं, कोरड्या काचेवर, कर्र कर्र.
चौथ्यांदा सासरेच उतरले,
"इंजिन असंल, असंल," म्हणत चहाला गेले.

उसाचा ट्रॅक्टरवाला आत्माराम, दोन ट्रॉल्या, बारा चाकं,
बाराही भरून घेतो आणि एवढंच विचारतो,
"जेवलीस का?"

हसते मी ह्या सगळ्यांना. रात्री पोराला नक्कल करून दाखवते.
पण खरं सांगू?
औंदा लायसन निघालं माझं,
आणि बाबासोंची जुनी ओम्नी मागून
मी कासेगावला निघाले, भाच्याच्या बारशाला.
शेजारी गोकुळामावशी, मांडीवर करंज्यांचा डबा.
"हे लाल बटण कशाचं गं?"
आता सात वर्षं चाकाशी काढलेली बाई,
ठाऊक न्हाई कशी म्हणंल?
"टर्बो," म्हणलं. आणि दाबलं.
मावशीनं डबा घट्ट धरला. "जाणवतंय," म्हणाली.

नेर्ल्यापासनं लोक बाजूला व्हायला लागले.
एक टेम्पोवाला हात हलवून ओरडला कायतरी,
मीबी हलवला.
दुधाची गाडी थांबली, एसटी थांबली,
एक म्हातारा सायकल घेऊन पार गटारात उतरला.
मावशी म्हणाली, "मान हाय बाई तुला ह्या भागात."
मी पदर नीट केला.

कासेगावच्या पुलाखाली पोलिसानं अडवलं.
खिडकीशी वाकला, आवाजात काळजी:
"ताई, काय बिघडलंय?
चारी दिवे कधीचे उघडझाप करतायत."

मावशी माझ्याकडं बघायली.
मी समोर बघत, एका हातानं स्टेअरिंग धरून म्हणलं,
"काय न्हाई साहेब.
हवा चेक करत होते."