चार पायांचा रिले

मेहिकाली. जुलै. दुपारचे दोन.
सीमेच्या फाटकाकडे गाड्या अशा सरकतात
की गोगलगाय पुढे जाऊन वाट बघत बसेल.
औषधाच्या दुकानावरचा आकडा म्हणतो अठ्ठेचाळीस.
बाबा म्हणतात, तो भिडस्त आहे,
खरं ऐकायचं तर डांबराला विचार.

मी त्यांच्या मागून चालते,
एका हातात बादली, दुसऱ्यात फ्यूजांचा डबा.
डबा बिस्किटांचा होता,
अजून दालचिनीचा वास येतो.
या रांगेत कुणी बर्फाचा गोळा विकतं,
कुणी प्लास्टरचे संत.
आम्ही ताप उतरवतो.

बोनेट वर दिसलं की बाबा
इंजिनाआधी माणसाचे तळवे बघतात.
"झाकणाला हात लावलास?"
तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नये
हे मला अक्षरांच्या आधी शिकवलं त्यांनी,
मनगटावरचा चट्टा दाखवून.
एकदाच.

आज एर्मिनिया.
होंडा तिच्या मुलापेक्षा वयाने मोठी,
मुलगा मागे झोपलेला, काचेत ओला टॉवेल अडकवलेला.
"चालताना एसी गार?"
"गार."
"थांबलीस की?"
"भट्टी."
"आणि काटा?"
"थांबले की चढतो. धावले की उतरतो."
बाबा पहिल्यांदा हसले.
"मग आजार एकच आहे, पोरी, दोन नाहीत.
धावणाऱ्याला वारा फुकट मिळतो.
उभ्याला तो कुणीतरी घालावा लागतो."

मग म्हणाले, एसी बंद कर. हीटर लाव. पूर्ण.
तिने असं पाहिलं
जणू त्यांनी मुलाला चुलीत ठेवायला सांगितलंय.
मी मुलाला उचलून बाहेर काढलं,
टॉवेलसकट, ट्रकच्या सावलीत.
गाडी आपला ताप तिच्या तोंडावर ओकत राहिली,
तिच्या कपाळावरून घाम भुवईत, भुवईतून डोळ्यांत,
आणि डोळे मात्र काट्यावर.
काटा थरथरला.
एक रेघ खाली.
अजून एक.
काट्याने काटा काढतात
हे मी असं बघितलं.

जाळीत सगळ्या वाळवंटाची धूळ,
पतंगांचे पंख, एक कापसाचा पुंजका.
ते मी ब्रशने काढलं, पण पंखा गप्प.
बाबांनी कान लावला.
मी कान लावला.
गप्प.
"तुझी बोटं बारीक," ते म्हणाले, इंजिन बंद केलं,
आणि मी काळ्या डब्यात हात घातला,
पोळले, शिवी दिली, बाबांनी ऐकलं नाही असं केलं.
रिले बाहेर आला. चार पाय, एक करपलेला.
डब्यात तसला नवा नव्हता.
शुक्रवारी येईल, किंवा नाही.

बाबा शेजारच्या रिलेवर बोट ठेवून थांबले.
तेच चार पाय, तोच आकार.
"हा कशाचा?" एर्मिनियाने विचारलं.
"हॉर्नचा."
ती जरा गप्प झाली.
या रांगेत हॉर्न म्हणजे काय
हे रांगेत न उभं राहिलेल्याला सांगता येत नाही.
"काढा," ती म्हणाली.

पंखा फिरला.
आधी खोकला, मग सलग.
जाळीतून गार हवा आली तेव्हा
मुलगा जागा होऊन म्हणाला, पोहोचलो?

पैसे तिने मोजून दिले, वर दोन आंबे.
पिवळ्या पट्ट्यापर्यंत आम्ही सोबत चाललो.
त्यापुढे आमच्या बादलीला परवानगी नाही.
तिथेच एक पांढरी पिकअप तिच्यापुढे घुसली.
एर्मिनियाने स्टिअरिंगवर तळवा दाबला,
जोरात, दोनदा.
काहीच नाही.
मागून मला फक्त तिचे खांदे दिसले.
ती हसत होती की काय, कळलं नाही.

करपलेला रिले माझ्या खिशात आहे.
हलवला की आत काहीतरी खुळखुळतं.
बाबा पुढच्या गाडीशी पोहोचलेत,
तळवे बघतायत.