तीन सुपडू आणि एक बायू

सावद्यात, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
संध्याकाळी साडेसातला आमचा डेटाबेसचा क्लास.
कॉलेजातली सहा पोरं, आणि मी,
केळी ग्रुपची मुनीम, वय त्रेचाळीस,
बोटांवर चिकाचे काळे डाग घेऊन.

तडवी मॅडम म्हणाल्या, रोजची एखादी यादी आणा.
मी वहीच नेली: चलनं, घड, वजन, बोर्डाचा भाव,
कटाईला कोण होतं, कोणाच्या मळ्यात.
दर ओळीत मळेवाल्याचं नाव पुन्हा,
गाव पुन्हा, फोन पुन्हा.
मॅडमनी पान उलटलं.
"याचा फोन बदलला तर कितीदा खोडाल?"
मागच्या पोळ्याला खोडता खोडता
पान फाटलं होतं. ते मी सांगितलं नाही.

एक गोष्ट एकाच जागी लिहायची,
बाकीच्यांनी तिच्याकडे बोट दाखवायचं.
एवढंच. एवढ्याची फी अठराशे.

पण बोट दाखवायचं तर माणूस पक्का हवा.
आमच्याकडे सुपडू भंगाळे तीन.
कधी अडलं नाही:
एक नुसता सुपडू, कारण तो थोरला,
एक विहिरीवाला, एक फटफटीवाला.
"आणि फटफटी विकली तर?"
विकली की. तीन वर्षं झाली. नाव सुटलं नाही.
म्हणून नंबर,
ज्याला काही अर्थ नसतो
म्हणून जो बदलत नाही.
एकशेचार, एकशेपाच, एकशेएकतीस.
फटफटीवाल्याला त्याचा नंबर सांगितला
तर म्हणाला, "जेलात टाकू राह्यली का मले?"

मग सापडला बायू.
मी लिहिलं तेव्हा बाळू तायडे,
मुकादमानं लिहिलं तेव्हा बायू तायडे.
आमच्या तोंडात ळ टिकत नाही,
केळीची केयी होते, माणसाला कळतं.
मशीनला दोन माणसं दिसली,
दोघांची अर्धी अर्धी हजेरी.
अर्ध्या हजेरीला दिवाळीचा बोनस नसतो.
दोन दिवाळ्या.
पैसे कोणी खाल्ले नव्हते,
एका अक्षरात अडकले होते,
आणि ते अक्षर माझ्या हातचं.

त्याची जन्मतारीख विचारली.
"तापीले पूर आला होता, माय सांगे."
कोणता पूर, ते माय गेल्यावर कोणाला विचारायचं?
मॅडम म्हणाल्या, तिथे नल ठेवा.
शून्य नव्हे, कोरं नव्हे: माहीत नाही.
आणि दोन माहीत-नाही एकमेकांसारखे धरायचे नाहीत,
बायूचं वेगळं, त्याच्या बायकोचं वेगळं.
हे मी वहीत नाही, तळव्यावर लिहून घेतलं.

मार्चअखेरीला थोरला सुपडू गेला.
एकशेचार पुसायला घेतला,
मशीन नाही म्हणालं.
त्याच्याकडे बोट दाखवणारी अडतीस चलनं आहेत,
त्यातल्या दोघांचे पैसे ग्रुपकडून यायचेत.
आधी ती मिटवा, मग माणूस.
मी उगीच पुन्हा एंटर दाबलं.
पुन्हा नाही.
तेराव्याच्या जेवणाला सुद्धा
कोणी इतकं ठाम बोललं नव्हतं त्याच्याबद्दल.

तेवढ्यात लाइट गेली.
पोरांनी ओरडून घेतलं, पंखा थांबत गेला,
मॅडमनी मोबाइलचा उजेड माझ्या टेबलावर धरला.
"फिरकेताई, कमिट केलं होतं का?"

सुपडूचं काही केलंच नव्हतं.
बायूचं केलं होतं.
दुपारीच, जेवायच्या आधी.