दोन लिटर ताशी

चोपड्याच्या जिनिंगमध्ये, सरकी झाडून काढलेल्या शेडमध्ये
पाच खाटा, तीन पंखे,
दारापर्यंत आलेला मे महिना.
फॉर्मवर माझं नाव: युवराज लोटन सोनवणे.
धंदा: ठिबक फिटिंग.

सुई पहिल्या झटक्यात गेली.
रजनी बाविस्कर म्हणाली, शीर छान आहे,
अन् मला उगाच शाबासकी मिळाल्यासारखं झालं.
पिशवी यंत्रावर झुलत होती.
तीनशे पन्नास, दहा मिनिटं.
मी मनात हिशेब केला: दोन लिटर ताशी,
म्हणजे केळीच्या खोडाशी असतो
तो आपला साधा ड्रिपर.

मग यंत्र ओरडलं.
ती आली, नळी चिमटीत धरली, सोडली,
सुई जराशी फिरवली. दाढेपर्यंत कळ.
"मूठ उघड, झाक. चेंडू दाब.
सकायपाइन पानी पिधं का?"

मी गप्प.
पहाटे चारपासून गोरगावल्याच्या मळ्यात सबमेन जोडत होतो.
खारं बोअर, पांढरे थर, एकेक छिद्र बुजलेलं.
मालकाला मीच झापलं होतं:
फिल्टर शेवटचा कधी धुतला होता?

चेंडू दाबतोय.
शेजारच्या खाटेवरचं कॉलेजचं पोरगं
आठ मिनिटांत भरून उठलं,
फोटो काढून बिस्किटांकडे गेलं.

माझी एकशे ऐंशीवर अडली.
वीस मिनिटं. पट्टा सैल केला, पुन्हा आवळला.
म्हटलं, दुसऱ्या हातातून घ्या.
तसं नसतं, म्हणाली.
मग एवढंच द्या कुणाला, लहान मुलाला.
पिशवीतलं औषध पूर्ण मापाचं असतं, भाऊ,
एवढ्याशा रक्ताला ते जास्त होतं.
"मग?"
तिने लेबलावर आडवी रेघ मारली
आणि माझ्याकडे न बघता सुई काढली.

दुसऱ्यांच्या बांधांवर उभा राहून
थेंब वाया जातो म्हणून ओरडणारा मी
कोपर दुमडून बसलो.
प्रमाणपत्र मिळालं. त्यावर माप नव्हतं.
सरबत प्यायलो, मग माठातलं तांब्याभर,
मग आणखी एक तांब्या,
वर गेलेल्या लाइटीनंतर मोटर लावावी तसा.

अकुलखेड्याच्या फाट्यावर गाडी थांबवली,
बाही ओली लागली म्हणून.
कापूस कुठे गळून पडला होता कोण जाणे,
अन् कोपराच्या खळीतून
कुणी मागत नसताना,
बारीक, न अडखळता,
रगत मनगटापर्यंत आलं होतं.

बाभळीखाली अंगठा दाबून उभा राहिलो.
आता बघ, म्हटलं.
आता कसं येतंय.