आत घेणे

कार्ड आधी पूस, रेझो, वाइन सांडलीय त्याच्यावर.
बाहीनं नको. तो कपडा घे, चष्म्याचा.
असं. आता खाचेत घाल,
आणि खिडकी उघडली की कशालाच हात लावू नकोस.

तीन कॅमेरे होते, शिवाय नवरीच्या आतेभावाचा फोन.
एकशे बारा फाइली. एकीलाही नाव नाही, नुसते आकडे.
आधी त्या डिस्कवर उतरवायच्या.
फोल्डरवर तारीख, गाव, कुणाचं लग्न.
"नवीन" असं नाव द्यायचं नाही.
"नवीन दोन" तर मुळीच नाही.
मी दिलं होतं एकदा. सांगते.

मग सॉफ्टवेअर. डावीकडची ती रिकामी चौकट.
"आयात" दाब.
बघ, भराभर आल्या:
चर्चची पायरी, गाडीवरच्या फिती,
कुणाचा तरी बूट, उलटं आकाश.
तुला वाटतं, आल्या सगळ्या.
कुणी आलेलं नाही.
फाइल माहेरीच असते, डिस्कच्या त्या कप्प्यात.
इथे आलंय फक्त तिचं नाव
आणि ती कुठे राहते तो पत्ता.
तू कात्री चालवतोस ती पत्त्यावर;
मूळ चित्राला ओरखडाही उठत नाही, हे बरं आहे.
पण घर हललं, की इथली चौकट लाल.

आठ वर्षं झाली. साम्त्रेदियाचं लग्न.
वारलाम तमादा होता, पंगतीचा म्होरक्या,
सात तास सगळं टेबल त्याच्या जिभेवर चाललं.
तिसऱ्या आठवड्यात गेला. झोपेतच.
त्याची मुलगी मेडिको याच जिन्यानं वर आली,
हातात खालच्या औषधाच्या दुकानाची पिशवी,
म्हणाली, लग्न नको मला.
गेलेल्यांच्या नावानं बाबा बोलले, तेवढं द्या.

मी प्रोजेक्ट उघडलं. लाल.
वारलाम जिथे असायला हवा होता
तिथे ओळीनं लाल,
आणि वर लिहिलेलं, फाइल सापडत नाही.
आदल्या रविवारी मी डिस्क आवरली होती ना.
मोठी शहाणी!

मेडिको पाठीशी उभी. मी चहा विचारला,
ती नको म्हणाली.
मी एकेक कप्पा उघडत गेले.
"नवीन." "नवीन दोन." "नवीन खरं." "जुनं नवीन."
शेवटच्यात, कुणाच्या तरी बाप्तिस्म्याखाली,
एक फाइल, शेवटी सतरा.
पत्ता पुन्हा जोडला. लाल गेलं.
उभा होता तो, हातात शिंग, कॉलरला अक्रोडाचा रस्सा.

पण फाइल फोनची.
फोन लहरी, सेकंदाला कधी तीस चित्रं घेतो, कधी चोवीस,
आणि आवाज आपल्या चालीनं चालतो.
ओठ आधी मिटायचे, शब्द मागून यायचे.
शेवटी शेवटी तर तो शिंग रिकामं करून खाली बसलेला,
हाडावरचं मांस सोडवतोय,
आणि आवाज अजून नावं घेतोय,
एकेक.

दुरुस्त होतं ते. वेग आधी एकसारखा करून घ्यायचा,
आयात त्यानंतर. अर्ध्या तासाचं काम,
तुला आज शिकवणारच आहे.
मी म्हटलं, उद्या ये, नीट करून ठेवते.
ती म्हणाली, थांबा.
बसली मग. याच स्टुलावर, एक पाय तेव्हाही आखूडच होता त्याचा.
चहा द्या म्हणाली.

दोन्ही दिल्या मी तिला, नीट केलेली आणि ती.
पैसे एकीचेच घेतले.
कुठली लावते, विचारलं नाही कधी.
बाजारात भेटते, पालेभाजीचे भाव सांगते.

हं. दुसरं कार्ड उतरतंय अजून, एक्क्याण्णव टक्के.
टेबलाला धक्का लावू नकोस,
कुताइसीची वीज आहे ही, तिला निमित्तच हवं असतं.
तोवर दाखव,
फोल्डरला काय नाव दिलंस?
हात काढ पडद्यावरून.
रेझो.